बारवेवाले काळे

आमच्या दैनिकाच्या कार्यालयात एके काळी पाच काळे होते. एक जाहिरात विभागात, एक छपाईयंत्रावर, एक गुन्ह्यांच्या बातम्या पाहणारा, एक शिपाई आणि संपादकीय विभागात मी. फोनवर बसणाऱ्या बाई पलीकडच्या माणसाला विचारत, "कोणते काळे देऊ? जाहिरातवाले, मशीनवाले, क्राईमवाले की डेस्कवाले?" शिपाई काळेंना कोणी फोन करत नसे, म्हणून त्यांना विशेषण नव्हते.

पाचांपैकी एक ब्राह्मण, एक धनगर, एक बौद्ध आणि दोघे मराठा. मराठ्यांपैकी एक मी. आम्ही पाच जण एकमेकांचे कोणीच नव्हतो. चहाच्या वेळी आडनावाच्या अर्थावर बोलणे निघे, तेव्हा मशीनवाले काळे शाईने माखलेले दोन्ही हात पुढे करत आणि म्हणत, "अर्थ हा. आणखी काय पाहिजे?" क्राईमवाले काळे बौद्ध होते. त्यांच्या घरात पूर्वी एकदा आडनाव बदलण्याचा विषय निघाला होता. त्यांचे आजोबा म्हणाले होते, "नाव आपलं हाय. ज्याला खुपतं त्यानं त्याचं बदलावं." विषय तिथे संपला.

रविवारच्या पुरवणीत आडनावांवर एक सदर सुरू झाले, ते माझ्याकडे आले. काही महिने चालले. काळे या आडनावावर लिहिताना माझ्यासमोर तीन शक्यता होत्या. मूळ पुरुष रंगाने काळा असेल, आणि लोकांनी त्याच्या वंशजांना तसे म्हटले असेल. एखाद्या गावाच्या किंवा देवाच्या नावाचा तो अवशेष असेल. तिसरी शक्यता जमिनीची. खेड्यात वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. काळी कसणारे ते काळे. तिन्हींना पुरावा नव्हता. इतक्या वेगवेगळ्या समाजांत हे आडनाव आहे, यावरून एवढेच म्हणता येते की ते एका जागी जन्मलेले नाही. काळा माणूस आणि काळी जमीन कोणत्याही गावात असतातच. मला तिसरी शक्यता आवडली. मी ती शक्यता म्हणून लिहिली नाही, अर्थ म्हणून लिहिली. लेखाचा मथळा होता, "काळी कसणारे काळे".

सोयगाव तालुक्यात आमचे गाव आहे. तिथे माझे थोरले भाऊ शेती करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी ते कात्रण चौकटीत बसवून पुढच्या खोलीत टांगले. आलेल्या पाहुण्याला ते आधी पाणी देत, मग कात्रण दाखवत. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागावर "काळे" अशी मोठी अक्षरे रंगवली. गावातल्या मंदिराच्या फरशीवर वर्गणीदारांची नावे कोरली गेली, त्यात आडनाव नीट यावे म्हणून ते कारागिराजवळ उभे राहिले.

गावात आम्हाला काळे म्हणणारे मात्र फारसे कोणी नव्हते. तिथे काळ्यांचे दुसरे घर नाही. आमच्या घराजवळ जुनी बारव आहे, पायऱ्यांची विहीर. त्यामुळे आम्ही बारवेवाले. मी सुट्टीत गेलो की म्हातारी माणसे विचारत, "बारवेवाल्याचा धाकला ना रं तू?" या गोष्टीकडे मी कधी लक्ष दिले नाही.

दादांची मुलगी शिक्षणासाठी शहरात आली तेव्हापासून पुंडलिकनगरात आमच्याच घरी राहते. आता ती एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गेल्या वर्षी एका सकाळी पोहे खाताना तिने सांगितले की तिला लग्न ठरवायचे आहे. मुलगा त्याच रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करतो. घर फर्दापूरजवळच्या एका गावात, वडिलांचे फर्दापूरला लेणीच्या रस्त्यावर जेवणाचे हॉटेल. समाज एकच. शिक्षण सारखे.

"मग अडचण काय?" माझ्या पत्नीने विचारले.

"आडनाव," ती म्हणाली. "तोही काळेच आहे."

पत्नी हसली. "बरंच झालं की. आधार, पॅन, बँक, काहीच बदलायला नको."

मी हसलो नाही. दादा काय म्हणतील ते मला माहीत होते. त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी तेच म्हटले. "काळ्याची पोरगी काळ्याच्या घरात? बहीण-भाऊ लागतेत ते. लोकं तोंडात शेण घालतील."

ज्यांना हा नियम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. आमच्याकडे एका आडनावात सहसा लग्न करत नाहीत, कारण एक आडनाव म्हणजे एक भाऊकी, आणि भाऊकीतली मुले एकमेकांची भावंडे. आडनाव एक पण कुळे वेगळी, असेही असते. ते ओळखायचे देवकावरून. देवक म्हणजे कुळाची खूण. एखादे झाड, एखादे पान, मोराचे पीस. लग्नाआधी ते मांडवात बसवून पूजतात. देवक वेगळे असेल तर आडनाव एक असूनही सोयरीक होते. देवक एकच निघाले तर विषय मिटतो.

दादा पुढच्या आठवड्यात शहरात आले. आमच्याच बैठकीत बसून त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला. त्यांचा आवाज अदबीचा होता. दोन्हीकडचे पाऊसपाणी झाले आणि मग त्यांनी विचारले, "पाहुणे, देवक काय तुमचं?"

पलीकडून उत्तर आले, "पंचपल्लव."

दादांनी फोन ठेवला आणि मुलीकडे पाहिले. "आपलंबी पंचपल्लव. झालं. मिटलं."

तिने रडारड केली नाही. प्रयोगशाळेतल्या माणसासारखे बोलली. "पप्पा, एका तपासणीवर आम्ही निदान करत नाही. काकांनी शोधून काढावं. एक भाऊकी निघाली तर मी हा विषय सोडते, शब्द देते. नाही निघाली तर तुम्ही सोडायचा."

दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद पाहिजे मला. तोंडी नगं. तू पेपरवाला हायस, मनची बातमी लावू नको."

अशा रीतीने हे काम माझ्याकडे आले. निष्कर्ष कोणत्याही बाजूला गेला असता तरी तो मलाच सांगावा लागणार होता.

सुरुवात देवकापासून केली. गुलमंडीवर पूजासाहित्याचे एक जुने दुकान आहे. तिथे जाऊन मी लग्नासाठी देवक मागितले. दुकानदाराने कोणते, असे विचारले नाही. मागे हात घालून आंबा, वड, पिंपळ, उंबर आणि पायरीच्या पानांची दोऱ्याने बांधलेली जुडी काढली. हेच पंचपल्लव.

"हे कोणत्या कुळाचं?" मी विचारले.

"सगळ्यांचं," तो म्हणाला. "साहेब, आता कोणाला ठाऊक असतं? गुरुजी यादीत देवक लिहून देतात, लोक येतात, आम्ही हे देतो. कोणी तक्रार करत नाही."

"दुसरं काही मागायला येतं कोणी?"

"माझ्या वडिलांच्या काळात यायचे. कोणाला मोरपीस, कोणाला कळंब. आता मागितलं तर मलाच शोधत फिरावं लागेल."

म्हणजे या निकषावर अर्ध्या जिल्ह्याची एकच भाऊकी निघाली असती. दादांचा पुरावा गेला. पण पुरावा खोटा ठरल्याने उलट बाजू खरी ठरत नाही. दोन्ही घरे एकाच तालुक्यातली होती. भाऊकी एकच असण्याची शक्यता अजून तेवढीच होती.

वडिलांच्या पिढीतले एकच माणूस उरले आहे, आमची आत्या. ती सिल्लोडला मुलाकडे असते. ऐकू कमी येते, डोळे चांगले आहेत. मी गेलो तेव्हा ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी मोठ्याने विचारले, "आत्या, तुझ्या लग्नात देवक काय होतं?"

"कळंब," ती लगेच म्हणाली. "डोंगरातून फांदी आणली व्हती. माणूस सकाळी गेला त्यो ऊन डोक्यावर आल्यावर आला. माय म्हणं, पळून गेला का काय."

"मग दादाच्या लग्नात पंचपल्लव कसं?"

"गुरुजी म्हणले, कळंब कुठं शोधता, हे समद्याला चालतं. तुझ्या बापानं ऐकलं. तुझा बाप कुणाचंबी ऐकायचा."

मी तिला दादाच्या मुलीचे सांगितले. मुलगाही काळेच, म्हणून अडले आहे, असे सांगितले. आत्याच्या हातातली शेंग थांबली.

"मग? आपुन कुठं काळे?"

मला वाटले तिला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा सांगितले.

"ऐकलं की," ती म्हणाली. "बहिरी असंन, येडी नाय. काळे आपल्या मामाचं नाव. तुझा बाप मामाकडं शिकला ना? गावात शाळा नव्हती. मामानं नेला, शाळंत घातला. येताना त्यो काळे हून आला."

"आणि त्याच्या आधी आपलं आडनाव काय होतं?"

"बारवेवाले," आत्या म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

वडील मामांकडे शिकले हे आम्हाला माहीत होते. त्या मामांना आम्ही त्यांच्या गावाच्या नावाने ओळखत असू. "वडिलांचे मामा आले" एवढेच. आजीचे माहेरचे आडनाव कोणते, हे दोघा भावांपैकी एकानेही कधी विचारले नव्हते. मामा गेले, त्यांची मुले जळगावकडे स्थायिक झाली, जाणे-येणे थांबले. मी वर्षानुवर्षे लोकांच्या आडनावांवर लिहिले आणि आपल्या आजीचे आडनाव मला माहीत नव्हते.

आत्याचे सांगणे हा एक स्रोत. कार्यालयात आम्ही नव्या मुलांना पहिली गोष्ट शिकवत असू ती ही की एका स्रोतावर बातमी होत नाही. शिवाय दादांना कागद हवा होता.

वडिलांच्या मामांचे गाव फर्दापूरच्या पुढे, आतल्या रस्त्यावर आहे. अजिंठ्याचा घाट उतरून मी सकाळी तिथे पोहोचलो. शाळा आता पक्क्या इमारतीत आहे. मुख्याध्यापिकांनी अर्ज लिहून घेतला आणि कपाटातून जुने दाखल-खारीज रजिस्टर काढले. कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या, शाई तपकिरी झाली होती. त्या म्हणाल्या, "हल्ली रोज कोणीतरी येतं जुन्या नोंदी बघायला. हे रजिस्टर इतकं कधी हाताळलं गेलं नव्हतं."

निजामी राजवट संपून थोडीच वर्षे झाली होती, तेव्हाची ती पाने. नोंद सापडायला तासभर लागला. एका दिवशी तीन मुले दाखल झाली होती. पहिल्या दोघांच्या वडिलांचे नाव एकच, आडनाव काळे. तिसऱ्या ओळीत माझ्या वडिलांचे नाव. त्यांच्या वडिलांच्या रकान्यात आमच्या आजोबांचे नाव बरोबर होते. पालकाच्या रकान्यात वरच्या दोन मुलांच्या वडिलांचेच नाव, आणि नात्यापुढे "मामा".

आडनावाच्या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते. वरच्या ओळीत काळे होते आणि त्याखाली दोन लहान रेघा होत्या. वरीलप्रमाणे.

मास्तरांनी मुद्दाम काही केले असेल असे मला वाटत नाही. एक माणूस तीन मुले घेऊन आला. दोघांचे आडनाव लिहिले. तिसऱ्याचे विचारले असेल, तर मामांनाही ते सांगता आले नसेल, कारण आजोबांना आडनाव नसावेच. नंतर मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात आजोबांच्या जमिनीचा जुना कागद पाहिला. उर्दू वाचणाऱ्या एका निवृत्त कारकुनाने तो वाचून दिला. अमुक वल्द अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा अमुक, आणि गाव. आडनावासाठी त्यात जागाच नव्हती. पुढे वडिलांच्या नावाने फेरफार झाला तेव्हा शाळेच्या दाखल्यावरून काळे लागले, आणि त्या दोन रेघांवरून आमचे सातबारे, रेशनकार्ड, माझी नोकरी, ट्रॅक्टरवरची अक्षरे आणि तो लेख उभा राहिला.

शाळेतून निघाल्यावर मी फर्दापूरला मुलाच्या घरच्यांच्या हॉटेलात गेलो. मुलाचे आजोबा गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी ओळख सांगितली आणि त्या आतल्या गावातल्या काळ्यांविषयी विचारले.

"ते व्हय? आमचेच की," ते म्हणाले. "त्यांचं सुतक आम्ही धरतो, आमचं ते धरतेत. जळगावात गेले तरी फोन येतो."

सुतक धरतात म्हणजे भाऊकी. शंकेला जागा उरली नाही. मुलगा आणि वडिलांचे मामा एका कुळाचे होते. दादांची भीती निम्मी खरी होती. आम्ही खरोखरच काळे असतो तर हे लग्न झाले नसते. पण मग आजोबांचे लग्नही झाले नसते, कारण काळ्याने काळ्यांची मुलगी केली नसती. आम्ही त्या कुळातले नव्हतो. आम्ही त्या कुळाचे भाचे होतो. भाच्याच्या घराशी सोयरीक व्हायला कोणाची हरकत नसते.

मुलीच्या बाजूने निकाल लागला होता. पण तो कागद दादांच्या हातात द्यायचा म्हणजे काय द्यायचे, हे घाट चढताना माझ्या लक्षात आले.

मी गावी गेलो. दादांनी चष्मा लावला आणि नोंदीची साक्षांकित प्रत दोनदा वाचली. तिसऱ्यांदा फक्त त्या दोन रेघांवर बोट ठेवले.

"हे काय हाय?"

"वरीलप्रमाणे."

"म्हणजे लिवलंच नाय?"

"नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि आमचे चेहरे पाहून दारातच थांबल्या. दादांनी मान वर करून भिंतीवरच्या कात्रणाकडे पाहिले. "मग हे काय लिवलं तू? काळी कसणारे काळे?"

"चूक लिहिलं. पुरावा नव्हता."

"आन् मी गावाला दाखवीत बसलो." ते उठले, दारात गेले, बाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे पाहत राहिले. "मग आपुन कोण?"

कागद वल्दपर्यंत जातात, त्याच्या मागे जात नाहीत. मी म्हटले, "आत्या म्हणते बारवेवाले."

"ते तर समदं गाव म्हणतं," दादा म्हणाले. आवाजात राग होता, पण माझ्यावर नव्हता. थोड्या वेळाने ते परत येऊन बसले. "हे दुसऱ्या कुणाला सांगाया लागंल का? पोरीला हो म्हणतो मी. सांगून टाकू, देवक येगळं निघालं म्हणून. कळंब. ते काय खोटं नाय."

खोटे नव्हते. पण पुरेसेही नव्हते. आमचे काळे हे नाव मुलाच्या भाऊकीतूनच आलेले आहे, हे उद्या कोणी जुना माणूस काढणार आणि आम्हाला त्याच भाऊकीत धरणार. मग त्या मुलीला सासरी भावाच्या घरात आलेली म्हणून ऐकून घ्यावे लागेल. मी ते सांगितले. दादांनी ऐकून घेतले.

"तुमच्या पेपरात चूक छापली की काय करता?"

"खुलासा छापतो. आतल्या पानावर, बारीक अक्षरात."

"हां," ते म्हणाले. "वाचतं का कोणी?"

"सहसा नाही."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि प्यायला.

बैठक मुलाच्या घरी ठरली. दोन्हीकडची दहा-बारा माणसे सतरंजीवर बसली होती. मुलगी माझ्या पत्नीजवळ होती आणि वडिलांकडे पाहत होती. दादा तिला हो म्हणाले होते, पण कशाच्या आधारावर ते सगळ्यांसमोर सांगतील, हे तिला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. सुपारी फोडण्याआधी मुलाच्या चुलत्याने अपेक्षित प्रश्न विचारला. "पाहुणे, आडनावाचं काय केलं?"

दादा उभे राहिले. अशा बैठकीत कोणी उभे राहून बोलत नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला, पण वाचला नाही.

"काळे आमचं नाव नाय," ते म्हणाले. "आमच्या बापाला मामानं शाळंत घातलं, तवा मामाचं नाव लागलं. मामा तुमच्या भाऊकीतले. आम्ही तुमचे भाचे. आमाला आत्ता कळलं. कागद हाय हा, कुणाला बघायचा आसंल तर बघा."

मुलाचे आजोबा, तेच हॉटेलातले, मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे नाव आमचं वापरलं एवढी वर्षं, आन् विचारलंबी नाय! आता पोरगी द्या, फिटलं."

बायकांकडून हसण्याचा आवाज आला. दादाही हसले, थोडे उशिरा. चुलत्याने कागद हातात घेतला, उलटून पाहिला आणि न वाचता परत दिला. सुपारी फुटली. मुलीने पदराने डोळे पुसले, पहिल्यांदाच.

देवकासाठी दादा स्वतः डोंगरात गेले. कळंबाचे झाड दाखवायला गावातला एक गुराखी बरोबर होता. गुरुजींच्या यादीत पंचपल्लव होते, तेही आणले, कारण यादी कोणी बदलली नाही. मांडवात दोन्ही शेजारी बसवले. आत्याला गाडीने आणले होते. तिने फांदी चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हां. हीच."

कात्रण अजून भिंतीवर आहे. मी दोनदा काढायला सांगितले. दादा म्हणतात, चौकटीचे पैसे दिले आहेत. आडनाव बदलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, माझ्या ओळखपत्रावर काळेच आहे. पाहुण्यांना कात्रण दाखवणे मात्र त्यांनी बंद केले आहे.

लग्नपत्रिका शहरात छापायला दिली होती. मजकूर लावणाऱ्याने फोन केला तेव्हा दादा आमच्याच घरी होते, आणि फोन त्यांनी घेतला.

"काका, मुलाकडं पण काळे आणि मुलीकडं पण काळे आलंय," तो म्हणाला. "चूक तर नाही ना झाली?"

"झालीय," दादा म्हणाले. "पण लई जुनी हाय. छापा तशीच."